हाव कोण म्हणालं

१ ऑगस्ट १९६७, मंगळवार

घरात माझं कोणी ऐकत नाही, पोस्टात कोणी ऐकत नाही, आणि वरच्या साहेबांचं तर नावच काढू नका. म्हणून आजपासून वहीत लिहायचं ठरवलं आहे. वही निदान मध्येच उठून तरी जात नाही.

विषय टेलिफोनचा. टेलिफोन आला त्या दिवशी गावाने पोस्टाला तोरण बांधलं होतं, नारळ मी फोडला होता. धामणदरीचा पोस्टमास्तर शेषराव आता थेट मुंबईशी बोलणार असं लोकांना वाटलं. मलाही वाटलं, खोटं कशाला लिहू. पण डिपार्टमेंटने काय केलं? एकच तार सातपुड्याच्या पायथ्याने ओढली आणि तिच्यावर चार गावं लटकवली. आंबेदरी, निंबोळा, खैरमाळ आणि आम्ही. तालुक्याच्या एक्स्चेंजने कोणालाही घंटी दिली तरी ती चारी पोस्टांत वाजते. कोणाची ते घंटीवरून ओळखायचं. एक लांब, एक आखूड आली तर धामणदरी. एक लांब, दोन आखूड म्हणजे खैरमाळ. बाकी दोघांच्या त्यांच्या त्यांच्या.

कागदावर फार छान. पण एक्स्चेंजला साताऱ्याकडची एक नवी बाई आली आहे. ती हँडल फिरवते की दळण दळते तेच समजत नाही. लांब कुठे संपली आणि आखूड कुठे लागली याचा पत्ता नाही. त्यावर डिपार्टमेंटचं पत्रक आलं. शंका असल्यास रिसीव्हर उचला, आपलं काम आहे का पाहा, नसेल तर न बोलता खाली ठेवा. म्हणजे तीन गावांच्या कामासाठी दिवसभर उठबस मी करायची! टपाल आळीवार लावायला बसलो की घंटी. उठा, उचला, आपली नाही, ठेवा. परत येऊन बसलो की हातातलं पत्र कोणत्या थप्पीचं होतं ते पुन्हा पहिल्यापासून. आज दोनदा वरच्या आळीची पत्रं खालच्या आळीत गेली. लोक मला बोलले. टेलिफोनला कोण बोलणार?

४ ऑगस्ट

खैरमाळचा कडूबा हा माणूस सरकारी नोकरीत घेतला कोणी, हे मला एकदा विचारायचं आहे. त्याच्या गावची घंटी वाजते, वाजते, वाजत राहते आणि हा बाजेवर पडून. म्हणे, कोणी ना कोणी उचलीनच. आणि एक्स्चेंजने तर दम दिलेला आहे की, घंटीला कुणीच जवाब दिला नाही तर लाइन बिघडली असं धरून ती बंद ठेवण्यात येईल. चारी गावांची! म्हणजे कडूबाच्या आळसाने धामणदरी मुकी व्हायची.

मी प्रत्येक घंटी उचलतो. माझी असो, नसो. आजवर एक सोडलेली नाही. हे मी जेवताना बायकोला सांगत होतो तर सरस्वती म्हणाली, “तुमी उचलता, पन आयकता कुठी? काल मी तेल सांगतलं, तुमी हाव हाव म्हनले अन् हात हालवत आले.”

तेलाचा आणि टेलिफोनचा काय संबंध? मुद्दा काय, बोलणं काय! या घरात असंच चालतं.

७ ऑगस्ट, सोमवार

आज भाची आली होती, शालू. वच्छलाची पोरगी. वच्छला माझी एकुलती एक धाकटी बहीण, खैरमाळला दिलेली. मेव्हणे गेल्यापासून ती दिराच्या, शंकररावाच्या घरात आहे. शालू मॅट्रिक झाली. आमच्या अख्ख्या खानदानात मॅट्रिक झालेली पहिली पोरगी, आणि पहिल्या झटक्यात. जिल्ह्याला नर्सचं ट्रेनिंग आहे, तिथे तिने अर्ज केला होता. जागा भरल्या, पण वेटिंगमध्ये हिचं नाव सगळ्यात वर आहे. एखादी पोरगी गळाली की हिला तार येणार. खैरमाळच्या पोस्टात, टेलिफोनवरून.

“काका म्हनते, राखीच्या सणापरेंत वाट पाहीन,” शालू सांगत होती. “मंग जळगाव जामोदच्या पाहुन्याले होकार देते.”

हा पाहुणा मी पाहिलेला आहे. बिजवर, दोन लेकरांचा बाप, आणि पोरीपेक्षा माझ्या वयाच्या जास्त जवळचा. शंकररावाला त्याच्यात काय दिसलं तो जाणे. मी शालूला म्हणालो, “पोरी, तू काळजी नको करू, मामा पोस्टात बसेल हाये.” ती हसली. म्हणाली, “मामा, तुमी धामनदरीच्या पोस्टात बसेल हाये. तार येईन खैरमाळले.”

खरं आहे. तार कडूबाच्या हातात आहे. मला तेवढ्यानेच पाणी गोड लागेना.

१० ऑगस्ट, गुरुवार

आजचा दिवस म्हणजे नुसता छळ. सकाळपासून घंटीने हातातलं एक काम पुरं होऊ दिलं नाही. टपालाची पिशवी बांधायची वेळ, मोटार कोपऱ्यावर हॉर्न देते आहे, आणि तेवढ्यात घंटी. लांब होती, पुढे एक आखूड होती की दोन, कोणी सांगावं. उचलली. रिसीव्हर खांद्यात दाबला, कारण दोन्ही हात लाख आणि सुतळीत अडकलेले. कानात बाई कोणत्या तरी गावची तार वाचत होती. आपली नव्हती. दुसऱ्याच्या तारा ऐकू नयेत असा नियमच आहे, म्हणून मी मुळीच लक्ष दिलं नाही.

नेमकी त्याच वेळी गोजरबाई येऊन खिडकीला चिकटली. तिचा पोरगा भुसावळला आहे, वर्षात दोन पत्रं टाकतो, आणि ही आठवड्याला चार वेळा येते. “पत्र येईन ना रे शेषराव? आलं तं सांगशीन ना? ठिवून नाही देशीन ना?” मी म्हणालो, “हाव.” ती म्हणे, “बराबर?” मी म्हणालो, “हाव, हाव!” तेव्हा कुठे हलली. इकडे कानातली बाईही बोलून मोकळी झाली होती. पिशवी बांधून धावत नेली, मोटार निघालेलीच होती, ड्रायव्हरने चार शब्द ऐकवले.

एक माणूस, दोन हात, दोन कान, आणि सगळ्या जगाने एकदम बोलायचं. डिपार्टमेंटने मला चार हात द्यावेत, नाही तर टेलिफोन काढून न्यावा.

१६ ऑगस्ट

काल झेंडावंदनाला गावचे पाटील भाषणाला उभे राहिले आणि पोस्टात घंटी. सगळ्या गावाच्या समोर मी धावलो. निंबोळ्याची होती. परत येईतो भाषण संपलं होतं, पेढेही संपले होते.

शालूची तार अजून नाही. रोज घंटी वाजली की जीव वर-खाली होतो. खैरमाळची वाटली तर मुद्दाम उचलून पाहतो.

२० ऑगस्ट, रविवार

आज राखीपौर्णिमा. वच्छला राखी घेऊन आली. उंबऱ्यातच मटकन बसली आणि रडायला लागली.

झालं ते असं. शालूच्या वर्गातली एक मुलगी त्याच ट्रेनिंगला आहे. ती सणाला घरी आली आणि हिला विचारते, तू का आली नाहीस गं? तुझं नाव पुकारलं होतं. तुला तार केली होती, सोमवारपर्यंत हजर व्हायचं होतं. तू आली नाहीस म्हणून खालच्या नंबरची मुलगी घेतली.

तार केली होती! दहा तारखेला केली होती! आणि इकडे पोरगी रोज पोस्टाच्या ओट्याशी जाऊन उभी राहत होती, कडूबाला विचारत होती, आणि तो नाही नाही म्हणून मान हलवत होता.

“भाऊ,” वच्छला म्हणाली, “शंकररावभाऊजीनं आज होकार देला पाहुन्याले. म्या काय करू?”

राखी बांधून घेता घेता मी तिथेच शब्द दिला की ज्याने कोणी ही तार खाल्ली आहे, त्याला मी सोडणार नाही. नुसता सोडणार नाही असं नाही, त्याला डिपार्टमेंटमधून घालवीन. माझ्या अंगाचा नुसता भडका उडाला आहे. जेवण गेलं नाही.

२२ ऑगस्ट, मंगळवार

पोस्ट सकाळीच आवरून तालुक्याला एक्स्चेंजमध्ये गेलो. साताऱ्याची बाई आज प्रथम पाहिली. पोरगेलीच आहे. मी काही तिच्या वयाचा मुलाहिजा ठेवला नाही. दहा तारखेची खैरमाळची तार कुठे गेली ते विचारलं.

“गेली की,” ती म्हणाली. “मी खैरमाळला घंटी दिली, लगेच उचलली. मी तार वाचून दाखवली. ‘घेतलीत का?’ असं विचारलं, तर ‘हाव’ म्हणाले. मला खात्री वाटेना म्हणून परत विचारलं, ‘बरोबर?’ तर दोनदा म्हणाले, ‘हाव, हाव!’ जरा रागातच.”

“तार परत वाचून घेतली होती का त्याच्याकडून? नियम आहे!”

ती म्हणाली, “इकडे कुणी परत वाचतच नाही हो. मी सांगितलं तर चिडतात. हो म्हणाले म्हणजे हो, असं मी धरलं.”

मी तिला तिथेच उभ्या उभ्या समजावलं. बाई, आमच्याकडे हाव म्हणजे हो, हे खरं. पण आमच्याकडे माणूस ऐकत असला तरी हाव म्हणतो, ऐकत नसला तरी हाव म्हणतो, आणि समोरच्याने जावं असं वाटलं तर दोनदा हाव म्हणतो. आमच्या हाववर भरवसा ठेवून तुम्ही सरकारी तार सोडून देता? उद्या कोणी जांभई दिली तर ती पण पोचपावती धराल!

तिच्या डोळ्यात पाणी आलं. मला थोडं वाईट वाटलं, पण थोडंच. माझ्या भाचीचं आयुष्य गेलं त्याचं काय?

एक गोष्ट मात्र पक्की झाली. कडूबाने तार घेतली, हाव म्हणाला, आणि कुशीवर वळून झोपला.

२३ ऑगस्ट

खैरमाळला गेलो. कडूबा बाजेवरच होता. मी त्याला बाजेवरून उठवलं, हे मला इथे लिहून ठेवायचं आहे.

“अबे, तुले लाज हाये का काही? पोरीची तार खाल्ली तुनं?”

“आंगावर काऊन येता शेषरावभाऊ? म्या कोनतीच तार घेतली नाही.”

“मंग हाव कोन म्हनलं?”

“मले काय माहीत! त्या रोजी घंटी वाजली तं म्या आंघोयीले बसेल होतो. वल्ल्या आंगानं आलो, उचललं, तं तिकळून लाइन बंद झाली होती. म्हनलं, कोनाची तरी असन, कोनं तरी घेतली.”

“कोनं घेतली? तुह्या गावची तार दुसरा काऊन घेईन?”

“तेच तं म्या म्हनून राह्यलो! दुसरा काऊन घेईन?” असं म्हणून त्याने कपाळावर हात मारला. आणि मग म्हणतो कसा, “माह्या नोकरीवर आलं हाये भाऊ. एक्स्चेंजच्या कागदावर खैरमाळ लिवेल हाये. तुमी तरी मले वाचवा.”

मी याला वाचवू! नाटक म्हणतात ते हेच. तरी एवढं लिहितो की त्याचा आवाज बसलेला होता आणि त्याच्या बायकोने मला पाणी देताना मान वर केली नाही.

२५ ऑगस्ट, शुक्रवार

बातमी आहे. काल वच्छला आणि शालू जिल्ह्याला जाऊन मेट्रनबाईंना भेटून आल्या. पोरीनेच हट्ट धरला, शंकररावाला न विचारता गेल्या. नव्या आलेल्या मुलींपैकी एक ताप घेऊन घरी गेली, ती परत येणार नाही. मेट्रन म्हणाल्या, महिनाअखेरपर्यंत ही जागा मी शालिनीसाठी ठेवते. पण एकदा तार पाठवूनही जी आली नाही तिला परत घ्यायचं तर मला वर उत्तर द्यावं लागतं. तार हिला मिळालीच नाही असं पोस्टाकडून लिहून आणा.

एवढंच! एक कागद. आणि कडूबाने खरं सांगितलं की मिळतो.

शालू दोन दिवस माझ्याकडेच राहणार आहे, पोस्टात माझ्याजवळ बसली होती. तेवढ्यात गोजरबाई आली आणि तिने माझ्यावर तोंड सोडलं. “त्या रोजी तुनं मले बराबर म्हनून सांगतलं, पत्र येईन म्हनून. पंधरा रोज झाले. कुठी हाये पत्र?”

“म्या कवा सांगतलं?”

“कवा म्हंजे? तो फोन कानाले लावेल होता, अन् मले म्हनला हाव. म्या म्हनलं बराबर? तं माह्या आंगावर आला, हाव हाव! मोटार निंगून राह्यली होती तवा.”

आता पत्र येईल का असं विचारल्यावर माणूस हाव नाही तर काय म्हणेल? पत्र पाडायला माझ्याकडे झाड आहे का? मी तिला चांगलं खडसावून काढून दिलं. वळून पाहतो तर शालू पेन्सिलने टेबलावर रेघा ओढत होती.

“मामा,” जरा वेळाने म्हणाली, “हे आजी आली त्या रोजी कोनत्या गावची घंटी होती?”

“काय माहीत. रोज वाजते, कोनत्या कोनत्या ध्यानात ठेवू?”

“गुरवार होता काय?”

“असन. तुले काय करायचं?”

“काही नाही,” म्हणाली, आणि उठून मामीकडे स्वयंपाकघरात गेली. पोरगी काळजीने खंगली आहे, नको ते विचारत बसते. त्या कडूबाच्या नावाने मी पुन्हा एकदा मनातल्या मनात आरती केली.

२८ ऑगस्ट, सोमवार

इन्स्पेक्टर साहेबांनी आज चौघांनाही एक्स्चेंजमध्ये बोलावलं. माझ्या अर्जावरून बोलावलं, हे नमूद करतो. निंबोळ्याचे भगवंतराव, आंबेदरीचे पुंजाजी मास्तर, कडूबा आणि मी. ती साताऱ्याची बाई कोपऱ्यात उभी.

साहेब म्हणाले, “रेकॉर्डप्रमाणे तार पोहोचली आहे. पोहोचलेली तार न पोहोचल्याचं मी लिहून देऊ शकत नाही. पण तुमच्यापैकी कोणी चुकून उचललं असेल, हाव म्हणून गेला असेल, तर त्याने तसं लिहून द्यावं. मग मला लिहिता येतं. बुधवारपर्यंत वाट पाहतो.”

भगवंतराव म्हणाले, त्या आठवड्यात ते सासरवाडीला गेले होते, पोस्टाला कुलूप होतं. पुंजाजी म्हणाले, आंबेदरीची वायर तेव्हा पडलेली होती, दुरुस्तीचा कागद फाइलला आहे. कडूबा म्हणाला, “म्या उचललं तवा बंद होती.”

मग मी उभा राहिलो. मला राहवलंच नाही. मी म्हणालो, साहेब, इथे चार माणसं आहेत आणि यातल्या एकाने एका पोरीचा गळा कापला आहे. तो इथेच बसला आहे, त्याला सगळं माहीत आहे आणि तो गप्प आहे. चुकलं तर चुकलं! माणूसच चुकतो! पण चूक करून वर तोंड करून बसतो, त्याच्यात आणि दगडात काय फरक? हिंमत असेल तर उठून म्हण, मी म्हणालो हाव!

कडूबा माझ्याकडे बघत होता, पुंजाजी माझ्याकडे बघत होते, भगवंतरावही माझ्याकडेच. ती बाई तर मान तिरकी करून, डोळे मिटून ऐकत होती. बोलणं एवढं जिव्हारी लागलं सगळ्यांच्या. माझं समाधान झालं.

उपयोग काही झाला नाही. कोणी उठलं नाही. असा निर्लज्ज माणूस मी जन्मात पाहिला नाही.

२९ ऑगस्ट, मंगळवार

शंकररावाने पाहुण्याला रविवारी बोलावलं आहे, पोरीला साडी नेसवायला. वच्छलाचा निरोप आला.

दुपारी पोस्टात गिऱ्हाईक नव्हतं. शालू चहा घेऊन आली आणि समोर बसली.

“मामा, म्या एक बोलू? राग नाही मानायचा.”

“बोल.”

“साहेबाले एक कागद पाह्यजे. कोनं तरी म्हनलं पाह्यजे, मी हाव म्हनलो. कोनंबी. ते खरं हाये का खोटं हाये, कोन पाह्यते?”

“कडूबा नाही म्हनते ना पन.”

“कडूबाकाका नाहीच म्हननार मामा,” ती म्हणाली. तिचा आवाज फार हळू होता. “त्याईनं घेतलीच नसन तं कसे म्हनतीन? दुसऱ्या कोनं म्हनलं तं...” आणि मग माझ्याकडे न बघता म्हणाली, “लय मोठ्या मनाचा मानूस लागते तेच्यासाठी.”

मी चहा तसाच ठेवला. मग हळूहळू माझ्या ध्यानात आलं. चौघांत मोठ्या मनाचा दुसरा आहेच कोण?

पण मी का? पुन्हा पुन्हा मनात येतं, मी का? मी प्रत्येक घंटी उचलली. मी नियम पाळले. कडूबाचा गुन्हा मी पोटात घालायचा? उद्या लोक म्हणतील, शेषरावानेच सख्ख्या भाचीची तार बुडवली. भर सभेत ज्याला दगड म्हणालो, तो दगड मीच म्हणून माझं नाव लागायचं. वच्छला काय म्हणेल? हे सगळं शालूला मी बोलून दाखवलं. तिने ऐकून घेतलं. पोरीने एकदाही मध्ये तोंड घातलं नाही. मग उठून माझ्या पाया पडली.

आता यावर काय करणार? संतापाने रडू येतं माणसाला, ते आज कळलं.

३० ऑगस्ट, बुधवार

लिहून दिलं. “दिनांक १० ऑगस्ट रोजी खैरमाळची घंटी मी धामणदरी येथे चुकून उचलली, दुसऱ्या माणसाशी बोलत असल्याने माझे लक्ष नव्हते, व मी हाव म्हणालो.” दुसऱ्या माणसाचं शालूने सुचवलं. म्हणाली, कारण लिहिलेलं बरं असतं, साहेबाला पटतं. हुशार पोरगी आहे.

सही करताना वाटलं, साहेब म्हणतील, छे, शेषराव, तुम्ही? तुम्ही असं करणंच शक्य नाही! पण त्यांनी कागद वाचला, मान हलवली, “ठीक आहे” म्हणाले आणि शिक्का मारला. एकाही माणसाला नवल वाटलं नाही! पुंजाजी मास्तर तर म्हणाले, “झालं ते झालं, बोललात हे चांगलं.” इतकी वर्षं यांच्याबरोबर इमानाने काम केलं, त्याची ही किंमत.

कडूबाने मात्र माझे दोन्ही हात धरले. “शेषरावभाऊ, लय मोठं काम केलं तुमी,” म्हणाला, आणि सगळ्यांच्या समोर ढसाढसा रडला. मी त्याच्या कानात म्हणालो, “मले सगळं माहीत हाये बरं, म्या कोनाले सांगत नाही.” त्याला काही कळल्यासारखं दिसलं नाही. निगरगट्ट आहे.

साताऱ्याच्या बाईची मात्र मी मनातल्या मनात माफी मागितली. साहेबांनी तिला विचारलं, आवाज हाच होता का? ती माझ्याकडे पाहून म्हणाली, “हाच होता सर. परवा हे उभे राहून ‘मी म्हणालो हाव’ असं ओरडले ना, तेव्हाच मी ओळखला. पण इतक्या रागात होते, मला बोलायची भीती वाटली.” कोण कुठली बाई, आमच्या जातीची ना पातीची, मी तिला तोंडाला येईल ते बोललो होतो. आणि माझा कागद खरा वाटावा म्हणून तिने साहेबांच्या समोर धडधडीत खोटी साक्ष दिली. एका अनोळखी पोरीसाठी. अशी माणसं आहेत म्हणून जग चाललं आहे.

टेलिफोन माझ्याकडून काढला. आठ दिवसांत माणूस येईल आणि ग्रामपंचायतीत नेऊन बसवेल. निरपराध माणसाला शिक्षा कशी होते ते पाहायचं असेल तर धामणदरीला यावं.

३१ ऑगस्ट, गुरुवार

शालूला मोटारीत बसवून आलो. तिचा कागद तिच्या पिशवीत, माझ्या सहीचा आणि साहेबांच्या शिक्क्याचा. शंकरराव आला नाही. पाहुण्याला नकार कोण कळवणार यावर त्यांच्या घरात भांडण लागलं आहे, लागू द्या.

वच्छला सकाळपासून माझ्याशी एक अक्षर बोलली नव्हती. तिला खरं सांगावं असं दहादा तोंडाशी आलं, पण मग कागदाचा काय उपयोग? गिळलं. मोटार आली तेव्हा तिने आपल्या पदराने माझ्या तोंडावरची धूळ पुसली, लहानपणी मी तिची पुसायचो तशी, आणि म्हणाली, “जाऊ दे भाऊ. होते मानसाच्या हातून.” सख्खी बहीण! तिलासुद्धा खरं वाटलं. माझा जीव तळमळला, पण चकार शब्द काढला नाही.

शालू खिडकीशी बसली होती. मी खालून हात वर केला तर तिने तो दोन्ही हातांनी घट्ट धरला. निदान हिला तरी माहीत होतं मी काय केलं ते. डोळे भरून आले होते तिचे. म्हणाली, “मामा, मी जन्मभर नाही इसरनार. तुमी खरं लिहून देलं.”

मोटार सुटली, मी तिथेच उभा होतो. बिचारी पोरगी. पहिल्यांदा घर सोडून चाललेली, घाबरलेली. खोटं म्हणायचं होतं, गडबडीत तोंडातून खरं निघून गेलं.